दुआर्नने: ब्रिटनीतल्या मासळीच्या गावाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुआर्नने नेमकं कुठे आहे आणि केवढं आहे?

फ्रान्सच्या नकाशात पश्चिमेला जे टोक अटलांटिकमध्ये घुसलेलं दिसतं, ते ब्रिटनी. त्यातला अगदी शेवटचा जिल्हा फिनिस्तेर. तिथल्या दुआर्नने नावाच्याच उपसागराच्या दक्षिण काठावर हे गाव वसलं आहे. जिल्ह्याचं मुख्य शहर कँपेर इथून वीस-बावीस किलोमीटरवर आहे. वस्ती साधारण 14 हजार. आजचं गाव 1945 साली तयार झालं. दुआर्नने, त्रेबुल, प्लोआरे आणि पुलदाविद या चार वेगळ्या गावांची तेव्हा एक नगरपालिका झाली. म्हणूनच इथे चर्च, बाजार, बंदर यांपैकी काहीच एकाच ठिकाणी सापडत नाही. रॉस्मर हे जुनं मासेमारी बंदर पूर्वेला आहे, पोर-रू खाडीत शिरलेलं आहे आणि खाडीच्या पलीकडे त्रेबुलचं शिडाच्या होड्यांचं बंदर आहे. फ्रेंच नावाच्या शेवटी लिहिलेला 'झ' उच्चारत नाहीत.

या गावाची ओळख तारलीशी का जोडतात? ही आपलीच तारली का?

मासा आपला नव्हे, पण नात्यातला आहे. कोकण-गोव्यातली तारली म्हणजे सार्डिनेला लाँगिसेप्स. तिथली सार्डिन म्हणजे सार्डिना पिल्चार्डस, थंड पाण्यातली. दोन्ही तेलकट, दोन्ही थव्याने फिरणाऱ्या, आणि एखाद्या वर्षी किनाऱ्याकडे पाठ फिरवायची खोड दोघींनाही आहे. या लेखात पुढे तारली म्हटलं आहे ते तिथल्या सार्डिनला.

गावाचा इतिहास समजायचा तर या माशाचा एक गुण पक्का लक्षात ठेवावा लागतो: तो टिकत नाही. अंगातलं तेल हवेने लवकर खवट होतं आणि पोटातले पाचक रस मासा मेल्यावर काही तासांत पोटाची कड मऊ करून फोडतात. पकडला त्याच दिवशी त्याचं काहीतरी करावंच लागतं. रोमन हौद, दाबून भरलेली पिंपं, डबाबंद मासळीचे कारखाने, बायकांच्या रात्रपाळ्या, 1924 चा संप हे सगळं या एका अडचणीतून निघालं आहे.

गावाचा इतिहास कुठून सुरू होतो?

लिखित इतिहासाच्या आधी दगडी हौदांपासून. गावाच्या पूर्वेला प्लोमार नावाचा उतार आहे. तिथे रोमन काळातल्या मासे खारवण्याच्या कारखान्याचे अवशेष पाहायला मिळतात. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकापासून चौथ्याच्या सुरुवातीपर्यंत तो चालू होता. या उपसागराच्या काठाने असे बरेच कारखाने होते आणि प्लोमारचा त्यातल्या मोठ्यांपैकी एक. पाणी झिरपू नये असा गिलावा दिलेल्या हौदांत मासे आणि मीठ थरांनी भरून ठेवत. मिठामुळे कुजणं थांबायचं, पण माशाच्या पोटातलेच रस मांस विरघळवत राहायचे, आणि काही महिन्यांनी गारुम नावाचा खारट, गडद रस तयार व्हायचा. रोमन स्वयंपाकात तो मिठाऐवजी वापरत. तिथे जाल तेव्हा हौदांची खोली बघा. माणूस आत उभा राहील एवढे ते खोल आहेत, आणि त्यावरून तिथे किती मासा येत असेल याची कल्पना येते.

डबे येण्यापूर्वी मासा कसा टिकवत?

दाबून. सतराव्या शतकापासून एकोणिसाव्याच्या मध्यापर्यंत हाच मुख्य धंदा होता. तारली आधी मिठात मुरवायची, काड्यांवर ओवून धुवायची, मग लाकडी पिंपात गोल थरांनी, डोकी बाहेरच्या बाजूला नि शेपट्या मध्यभागी, अशी रचायची. वर झाकण ठेवून लाकडी दांड्याच्या तरफेने दाब द्यायचा. तेल पिंपाच्या तळातून निथळायचं आणि पिंपात जागा झाली की आणखी मासे. तेल निघून गेल्यामुळे मासा खवट व्हायला वेळ लागायचा. ते तेलही फुकट जात नसे, दिव्यांसाठी आणि कातडी कमावण्यासाठी विकलं जाई. दाब कमी पडला तर आतलं तेल खवट होऊन पिंप वाया जायचं, आणि जास्त झाला तर माशांचा लगदा व्हायचा. हे काम तेव्हाही बायकाच करत.

तारली पकडत कशी?

शिडाच्या उघड्या होड्यांतून. दोन डोलकाठ्या, साधारण दहा मीटर लांबी, पाच-सहा माणसं. मासेमारीच्या जागी पोचलं की शिडं उतरवायची आणि वल्ह्यांनी होडीचं तोंड वाऱ्याकडे धरून ठेवायचं. पाण्यात भिंतीसारखं उभं जाळं सोडायचं. मग तांडेल आमिष फेकायचा, आणि या आमिषातच सगळी मेख होती. ती होती कॉड माशाची खारवलेली गाबोळी, नॉर्वेहून पिंपांतून यायची. तांडेल ती जाळ्याच्या एकाच बाजूला टाकायचा, म्हणजे दुसऱ्या बाजूची तारली तिच्याकडे झेपावताना जाळ्यात डोकं घालायची आणि कल्ल्यांशी अडकायची.

जाळ्याचा आस, म्हणजे विणीतलं भोक, माशाच्या मापाचा असावा लागे. आस मोठा असेल तर मासा पार निघून जायचा, लहान असेल तर डोकंच शिरत नसे. त्यामुळे होडीवर वेगवेगळ्या आसांची जाळी असत. जाळी बारीक सुती धाग्याची, आणि पाण्यात दिसू नयेत म्हणून निळी रंगवलेली. जुन्या छायाचित्रांत डोलकाठ्यांवर वाळत घातलेली जी झिरझिरीत कापडं दिसतात ती हीच.

गाबोळी महाग होती. मासा मिळो न मिळो, तिचे पैसे द्यावेच लागत. 1902 नंतर काही वर्षं तारली फिरकलीच नाही, तेव्हा सगळ्या किनाऱ्यावर उपासमार झाली. गावोगावी मदतनिधी उभे राहिले. शेजारच्या कोंकार्नोमधला निळ्या जाळ्यांचा उत्सव 1905 साली याच निधीसाठी सुरू झाला आणि आजही भरतो. एकाच फेरीत मोठा थवा घेरणारं जाळं तेव्हा माहीत झालं होतं, पण कोळ्यांनी त्याला कडवा विरोध केला. मासा एकदम आला की भाव पडणार, आणि कमी माणसांत काम भागणार, हे त्यांना दिसत होतं. आज ब्रिटनीत तारली त्याच प्रकारच्या जाळ्याने पकडतात.

कारखाने कधी आले आणि आत काम कसं चालायचं?

1853 साली शांसरेल घराण्याने इथे डबाबंद तारलीचा कारखाना काढला. तो आजही चालू आहे. नंतरच्या पन्नास वर्षांत बंदराच्या मागच्या गल्ल्या कारखान्यांनी भरून गेल्या आणि काही हजारांच्या वस्तीचं गाव दहा हजारांच्या पुढे गेलं. आसपासच्या खेड्यांतली गरीब शेतकरी कुटुंबं कामासाठी इथे आली.

होड्या बंदरात दिसल्या की कारखान्यातून मुली गल्लीगल्लीतून हाका देत सुटायच्या: चला, मासा आला! दिवस असो वा मध्यरात्र, बायका उठून निघायच्या. पहिलं काम डोकं काढण्याचं. सुरीच्या एकाच झटक्यात डोकं आणि त्याच्याबरोबर आतडी ओढून काढायची. आतडी मागे राहिली तर डबा कडू होतो, आणि जोर जास्त झाला तर पोट फाटून मासा बाद. मग मिठाच्या पाण्यात थोडा वेळ, धुणं, तारेच्या जाळीवर एकेक मासा शेपटी वर करून उभा लावणं, आणि वाऱ्यावर वाळवणं. हे वाळवणं फार महत्त्वाचं. ओला मासा कढत तेलात गेला तर साल सुटते आणि तेल फसफसतं. पाऊस असेल तर छपराखाली, नंतर भट्टीच्या गरम हवेत. मग जाळीसकट तेलात तळायचं, निथळायचं, डब्यात एकाआड एक उलटसुलट रचायचं, आणि वरून ताजं तेल. तळणीच्या तेलात माशाचं तेल नि पाणी उतरलेलं असतं, म्हणून ते डब्यात घालत नाहीत.

डबा बंद करणं पुरुषांचं काम. ते झाकणाला डाख द्यायचे आणि बायकांच्या मानाने कितीतरी जास्त कमवायचे. झाकण दुमडून बसवणारी यंत्रं आली तसे हे डाखवाले बेकार होत गेले, आणि 1900 च्या आसपास या किनाऱ्यावर यंत्रं फोडण्याचे प्रकार झाले. शेवटची पायरी म्हणजे बंद डबे वाफेच्या भांड्यात शंभर अंशांच्या वर तापवणं. इथे चूक झाली तर डबा फुगतो. फुगलेला डबा म्हणजे आत जिवाणू जिवंत राहिले. असा डबा तेव्हाही टाकून देत आणि आजही टाकूनच द्यावा.

'पेन सार्दीन' म्हणजे कोण?

कारखान्यातल्या कामगारणी. डोक्याला घट्ट बसणारी छोटी पांढरी टोपी त्या घालत आणि त्या टोपीलाही हेच नाव आहे. शेजारच्या बिगुदेन भागातल्या बायकांची टोपी विसाव्या शतकात हातभर उंच होत गेली. दुआर्ननेची मात्र छोटीच राहिली, कारण तिचं काम केस आवरून धरण्याचं होतं. केस डब्यात पडता कामा नयेत आणि माशाचा वास केसांत बसू नये. आता सगळ्याच गावकऱ्यांना हे नाव लावतात आणि गावकरी ते अभिमानाने मिरवतात.

मुली बारा वर्षांच्या झाल्या की, आणि कित्येकदा त्याआधीही, कामाला लागत. झोप येऊ नये म्हणून रात्रभर सगळ्याजणी मिळून गात, भक्तिगीतंही आणि चळवळीची गाणीही. गावात आजही बायकांचे गायनगट ही गाणी गातात.

1924 चा संप नेमका कशासाठी होता? तो जिंकला का?

मजुरीसाठी, आणि तो जिंकला. आधीची पायरी 1905 ची. तोवर बायकांना हजार माशांमागे पैसे मिळायचे आणि मोजणी मालकाची माणसं करायची. 1905 च्या संपाने तासावर मजुरी मिळवून दिली. 1924 पर्यंत ती तासाला 80 सांतिम, म्हणजे एका फ्रँकपेक्षाही कमी होती. आठ तासांच्या दिवसाचा कायदा 1919 सालीच झाला होता, पण मासा टिकत नाही हे कारण पुढे करून मालक सोळा-सोळा तास काम करवून घेत. रात्रीचा भत्ता नाही, जादा तासांचे जास्त पैसे नाहीत, आणि मासा येईपर्यंत कारखान्यात ताटकळलेल्या वेळाचा तर एक पैसाही नाही.

21 नोव्हेंबर 1924 ला डबे बनवणाऱ्या एका पत्र्याच्या कारखान्यात काम थांबलं आणि चार दिवसांत सगळं गाव थांबलं. सुमारे दोन हजार कामगार रस्त्यावर होते, त्यांत बहुतेक बायका. ब्रेटन भाषेतली त्यांची घोषणा होती 'पेंप रेआल आ वो', पाच रेआल मिळालेच पाहिजेत. एक रेआल म्हणजे पंचवीस सांतिम, तेव्हा मागणी होती तासाला सव्वा फ्रँकची. कोळ्यांनी बायकांची बाजू घेतली आणि समुद्रावर जाणं थांबवलं. नगरपालिकेने सामुदायिक स्वयंपाक सुरू केला. शार्ल तियों आणि लुसी कोलियार यांच्यासारखे कामगार पुढारी बाहेरून आले. रोज मोर्चा निघे, आणि पुढे बायका एकमेकींच्या हातात हात अडकवून रांगेने गात चालत.

मालकांनी वाटाघाटी टाळल्या आणि संपफोडे आणले. 1 जानेवारी 1925 च्या संध्याकाळी या संपफोड्यांनी एका कॅफेत नगराध्यक्ष दानिएल ल फ्लांशेक यांच्यावर गोळी झाडली. ती गळ्याला लागली, पण ते वाचले. चिडलेल्या जमावाने संपफोडे उतरले होते त्या हॉटेलची मोडतोड केली. या प्रकाराने देशभर मालकांची नाचक्की झाली आणि 6 जानेवारीला करार झाला. बायकांना तासाला एक फ्रँक, पुरुषांना दीड, रात्रीच्या आणि जादा तासांना वाढीव दर, आणि संपात भाग घेतला म्हणून कोणालाही काढायचं नाही. पाच रेआल मिळाले नाहीत, चार मिळाले. तरी हा विजयच. कामाच्या तासाला किंमत आहे आणि रात्रीच्या तासाला जास्त आहे, हे मालकांच्या सहीने कागदावर आलं. 'सव्वा फ्रँक मागितले, एकच मिळाला' एवढंच सांगून हा संप अर्धा फसला असं लिहिणाऱ्यांच्या नजरेतून हा भाग सुटतो.

जोझेफिन पेंकाले यांचं नाव इतक्या ठिकाणी का दिसतं?

फ्रान्समध्ये बायकांना मताचा अधिकार 1944 साली मिळाला. त्याच्या एकोणीस वर्षं आधी, मे 1925 मध्ये, ही विधवा कामगारीण कम्युनिस्ट यादीतून दुआर्ननेच्या नगरपालिकेवर निवडून आली. पुरुषांच्या मतांवर, कारण मत देणारे तेच होते. काही महिने त्यांनी सदस्य म्हणून काम पाहिलं. नोव्हेंबरमध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने त्या स्त्री आहेत या कारणावर निवड रद्द केली. त्याच निवडणुकीत कम्युनिस्ट पक्षाने आणखी काही गावांत बायका उभ्या केल्या होत्या आणि त्यांच्याही निवडी अशाच रद्द झाल्या. पेंकाले यांचा त्यानंतर राजकारणावरचा विश्वास उडाला. 1972 साली त्या गेल्या, आणि त्यांची आठवण काढायला गावाला पुढे बराच काळ लागला.

याला 'लाल गाव' म्हणतात ते यामुळेच का?

संपाच्या आधीपासून म्हणतात. 1921 साली सेबास्तियाँ वेली इथले नगराध्यक्ष झाले. कम्युनिस्ट नगराध्यक्ष निवडणाऱ्या फ्रान्समधल्या अगदी पहिल्या गावांत दुआर्ननेची गणना होते. वेलींच्या नंतर 1924 पासून ल फ्लांशेक होते. जर्मन ताब्यात त्यांना पदावरून काढलं गेलं, पुढे अटक झाली, आणि 1944 मध्ये बुखेनवाल्ड छळछावणीत त्यांचा मृत्यू झाला.

पण लाल म्हणजे धर्म सोडलेलं गाव असं समजू नका. मे महिन्यात कम्युनिस्टांना मत देणारी घरं ऑगस्टमध्ये सेंत-आन-ला-पालूच्या जत्रेलाही जात. सतराव्या शतकात मिशेल ल नोब्ले नावाचे धर्मोपदेशक इथे वीसेक वर्षं राहिले. लिहिता-वाचता न येणाऱ्या कोळ्यांना ते कातड्यावर रंगवलेल्या चित्रांवरून धर्म शिकवत, आणि ती चित्रं समजावून सांगायला त्यांनी गावातल्या बायका तयार केल्या. त्यावरून तेव्हा वरिष्ठांत कुरबूर झाली होती. त्यांच्या आठवणीसाठी बांधलेलं सेंट मिशेलचं छोटं देऊळ रंगवलेल्या छतासाठी आवर्जून बघावं.

समुद्रात बुडालेलं 'ईस' शहर खरंच या उपसागरात आहे का?

दंतकथा आहे. राजा ग्रादलोन, त्याची मुलगी दाहुत, समुद्राला अडवणारा दरवाजा, चोरलेली किल्ली, आणि एका रात्रीत बुडालेली राजधानी. राजाची घोड्यावरची मूर्ती कँपेरच्या कॅथीड्रलच्या दोन मनोऱ्यांमध्ये आहे. पाण्याखाली शहर सापडलेलं नाही. हिमयुगानंतर समुद्राची पातळी चढली आणि ब्रिटनीच्या किनाऱ्यावर वसती असलेल्या सखल जमिनी पाण्याखाली गेल्या हे मात्र खरं आहे.

त्रिस्तान बेटावर चालत जाता येतं का?

ओहोटीला येतं, पण रोज नाही. पोर-रूच्या तोंडाशी हे छोटं बेट आहे आणि मधली वाट भरतीला पूर्ण पाण्याखाली जाते. फ्रान्समध्ये प्रत्येक दिवसाच्या भरती-ओहोटीला 20 ते 120 असा आकडा दिलेला असतो. 100 च्या वरचा आकडा म्हणजे आपल्याकडचं मोठं उधाण, तीस-चाळीसच्या आसपासचा म्हणजे भांग. बेटाची वाट मोठ्या आकड्याच्या दिवशीच नीट उघडी पडते. शिवाय बेट राखीव आहे, किनारा-संवर्धन संस्थेने ते 1995 साली ताब्यात घेतलं, त्यामुळे चालत जायचे दिवस आणि वेळा नगरपालिका ठरवून जाहीर करते. पर्यटन कार्यालयात त्या मिळतात. चूक होते ती परतताना. पाणी चढताना आधी मधला खोलगट भाग भरतो, त्यामुळे काठ कोरडा दिसत असतानाच वाट तुटलेली असते. दिलेल्या वेळेच्या पंधरा-वीस मिनिटं आधीच परत फिरा. तळाला शेवाळ असतं, चपला नकोत, पकड असलेले बूट घाला.

बेटाचा सर्वांत काळा काळ 1595 नंतरचा. धर्मयुद्धांच्या धामधुमीत गी एदेर द ला फोंतनेल या तरुण सरदाराने ते बळकावलं, दुआर्ननेतली घरं पाडून त्या दगडांनी तटबंदी केली, आणि आसपासचा मुलूख लुटला. राजाने त्याला एकदा माफी दिली. पुढे स्पेनशी संगनमत केल्याच्या आरोपावरून 1602 साली पॅरिसमध्ये त्याला चाकावर हातपाय मोडून ठार केलं.

स्टेथोस्कोपचा या गावाशी काय संबंध?

1816 साली स्टेथोस्कोप शोधणारे डॉक्टर रने लाएनेक मूळचे कँपेरचे, पण त्यांचं घर प्लोआरेतल्या केरलुआर्नेकला होतं. क्षयरोगाच्या छातीतले आवाज ज्यांनी पहिल्यांदा नीट वर्णन केले, ते स्वतः क्षयानेच 13 ऑगस्ट 1826 ला तिथे गेले. कबर प्लोआरेच्या दफनभूमीत आहे. जवळचं सेंट एरलेचं चर्च उंच मनोऱ्यामुळे लांबूनही दिसतं. महाराष्ट्रातून येणाऱ्या डॉक्टर मंडळींनी अर्धा तास काढून इथे जरूर जावं.

'क्विन-अमान' इथलाच ना? घरी कसा करायचा?

हो, हा बटर-साखरेचा पदरी केक इथलाच. 1860 च्या सुमारास बेकरीवाले इव्ह-रने स्कोर्दिया यांनी तो केला असं मानतात. पावाचं पीठ, खारं बटर आणि साखर, बस. अंडं नाही, दूध नाही.

जुनं प्रमाण चार भाग भिजवलेलं पीठ, तीन भाग बटर, तीन भाग साखर. 24 सेंटिमीटरच्या डब्यासाठी 250 ग्रॅम मैदा, 150 मिलिलिटर पाणी, 4 ग्रॅम कोरडं यीस्ट आणि चिमूटभर मीठ घेऊन मऊ गोळा मळा. सुमारे 400 ग्रॅम होतो. त्याला 300 ग्रॅम सॉल्टेड बटर आणि 300 ग्रॅम साखर. पहिल्यांदा करत असाल तर दोन्ही 220 ग्रॅमपर्यंत खाली आणा, सांभाळणं सोपं जातं. गोळा फुगून दुप्पट झाला की अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा. मग लाटून मोठी पोळी करा, कडेला तीन बोटं जागा सोडून बटर पसरा, वर जवळजवळ सगळी साखर भुरभुरा. कडा आत दुमडा, मग पुस्तकासारखी तीन पदरी घडी. वीस मिनिटं फ्रीजमध्ये. पुन्हा हलक्या हाताने लाटा, पुन्हा तीन पदरी घडी. आता जास्त थांबायचं नाही. गोल थापून बटर लावलेल्या डब्यात बसवा, वरून सुरीने तिरक्या रेघा ओढा, राहिलेली साखर घाला आणि 200 अंशांवर 35 ते 40 मिनिटं भाजा. मधून दोनदा बाजूला सुटलेलं बटर चमच्याने वर घाला.

माझा क्विन-अमान दरवेळी बिघडतो. का?

बहुतेक वेळा उकाड्यामुळे. मुंबई-पुण्याच्या मे महिन्यात बटर लाटतानाच वितळतं आणि पदर राहतच नाहीत. प्रत्येक घडीनंतर थंड करा, लाटणं आणि ओटा गार ठेवा, शक्यतो पहाटे करा. दुसरं कारण साखर. ती पिठातलं पाणी ओढून घेते, आणि साखर घातल्यावर तासभर ठेवलंत तर गोळा पाझरायला लागतो. रात्रभर फ्रीजमध्ये ठेवायचा असेल तर साखर घालण्यापूर्वी ठेवा. तळ निघणारा केकचा डबा वापरू नका, सगळं बटर ओव्हनमध्ये गळतं आणि धूर होतो. लाटताना पोळी फाटली तर त्या जागी मैदा भुरभुरून दुमडा, ओढून सांधू नका. आणि भाजून झाल्यावर पाच मिनिटांत डब्यातून पालथा काढा. गार झाल्यावर तळाचा पाक काचेसारखा चिकटतो आणि मग निघत नाही. कोमटच खा. शिळा झाला तर मंद ओव्हनमध्ये तापवा, मायक्रोवेव्हमध्ये तो चिवट होतो.

तारलीचा चांगला डबा कसा ओळखायचा?

एकेकाळी तीसच्या आसपास असलेल्या कारखान्यांपैकी आज तीनच उरले आहेत. डबा घेताना तारली ताजी वापरली आहे की गोठवलेली, आणि जुन्या पद्धतीने तळून भरली आहे का, हे लेबलवर पाहा. तळलेल्या तारलीचं मांस घट्ट राहतं. उन्हाळ्याच्या शेवटी पकडलेली तारली सर्वांत तेलकट, म्हणून काही डब्यांवर मोसमाचं वर्ष छापतात. ऑलिव्ह तेलातला साधा डबा ठेवून मुरवता येतो: थंड, कोरड्या जागी ठेवा आणि दर सहा महिन्यांनी पालथा करा, म्हणजे तेल दोन्ही बाजूंना मुरतं. वर्ष-दोन वर्षांत काटा इतका मऊ होतो की जिभेला लागत नाही. टोमॅटो किंवा लिंबू घातलेले डबे असे ठेवू नका, आंबटपणाने मांस भुसभुशीत होतं.

शाकाहारी माणसाची सोय होते का?

होते. कुट्टूच्या पिठाचे गालेत, म्हणजे घावनासारखा पदार्थ, सगळीकडे मिळतात. 'कोंप्लेत' मागितलंत तर त्यात हॅम येतं, तेव्हा नुसतं चीज, मश्रूम किंवा भाजी घातलेलं मागा. तवा पुसायला पूर्वी डुकराची चरबी वापरत आणि काही ठिकाणी अजूनही वापरतात. कडक पाळत असाल तर आधी विचारा.

ब्रेटन भाषा ऐकू येते का?

रस्त्यावर फारशी नाही, म्हाताऱ्या माणसांत थोडीफार. पाट्या दोन्ही भाषांत आहेत. ऐकायची असेल तर एखाद्या 'फेस्त-नोझ'ला, म्हणजे रात्रीच्या सामूहिक नाचाला जा. एक गायक ओळ उचलतो, दुसरा तिची शेपटी पकडून पुढे नेतो, आणि लोक करंगळ्या अडकवून गोल धरतात. 2012 पासून ही परंपरा युनेस्कोच्या यादीत आहे.

कधी जावं आणि कसं पोचावं?

पॅरिसच्या मोंपार्नास स्टेशनवरून कँपेरपर्यंत वेगवान रेल्वेने साधारण चार तास. पुढे बस, तासाच्या आत पोचवते. दुआर्ननेपर्यंतची रेल्वे कधीच बंद झाली. रविवारी बस कमी असतात, परतीची वेळ आधी पाहून ठेवा.

फेब्रुवारी-मार्चमध्ये 'ले ग्रा' हा कार्निव्हल असतो. 'देन पाओलिग' नावाचा बुजगावण्यासारखा राजा गावात उंच टांगतात, पाच दिवस सगळं गाव सोंगं घेऊन फिरतं आणि शेवटी राजाला जाळतात. तेव्हा राहायची जागा महिनेमहिने आधी धरावी लागते. ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्यात चित्रपट महोत्सव असतो. 1978 पासून तो राज्य नसलेल्या, दबलेल्या किंवा अल्पसंख्य समाजांच्या चित्रपटांसाठी चालतो. भाषा आणि जातीच्या प्रश्नात रस असणाऱ्या मराठी माणसाला तिथे आपलं बोलणं बोलणारे लोक भेटतील. चित्रपटांइतक्याच तिथल्या तंबूतल्या चर्चाही ऐकण्यासारख्या असतात, पण त्या बहुतांश फ्रेंचमध्ये होतात.

गर्दी नको असेल तर जून किंवा सप्टेंबर. एक दिवस रॉस्मरच्या मागच्या गल्ल्या, प्लोमारचे हौद आणि पोर-रूचं नौका संग्रहालय यांना द्या. संग्रहालयाच्या काही होड्या पाण्यातच उभ्या आहेत आणि आत उतरून पाहता येतात, मात्र हिवाळ्यात ते बंद असतं. दुसरा दिवस त्रेबुल, बेट आणि प्लोआरे. तिसरा असेल तर लोक्रोनान, दहा किलोमीटरवरचं शिडांच्या कापडाचं जुनं दगडी गाव. तिथली बारा किलोमीटरची मोठी प्रदक्षिणा दर सहा वर्षांनी जुलैमध्ये निघते. 2025 ला झाली, आता 2031 ला.